काळजाचा चंबू

आमची आत्या कशालाही भीत नाही, असा आमच्या घरात सर्वांचा समज होता. पस्तीस वर्षे तिने प्राथमिक शाळेत शिक्षिकेची नोकरी केली. ती वर्गाच्या उंबरठ्यावर नुसती उभी राहिली, तरी साठ पोरांची जीभ टाळ्याला चिकटत असे. हे तिचेच विद्यार्थी मला सांगतात, आणि त्यांतले काही आता स्वतः आजोबा व्हायच्या बेताला आले आहेत. पाल, झुरळ, अंधार, शाळा तपासायला येणारे साहेब, यांपैकी कुणाची तिने कधी पत्रास ठेवली नाही. अशी ही आत्या एका दाढेपायी आम्हांला इस्पितळाच्या दारात उभे करील, आणि तेही ती दाढ काढण्यापूर्वीच, असे कुणी सांगितले असते तर मी ते हसण्यावारी नेले असते. खरे तर मी हसण्यावारीच नेले होते. हा लेख लिहायला बसण्याचे कारणही तेच आहे.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात मराठी शिकवतो. वैद्यकातले पुढे जे काही येईल ते डॉक्टरांना विचारविचारून आणि पुस्तके चाळून मिळवलेले आहे. पण घडले ते माझ्या डोळ्यांदेखत. आणि त्यात माझा वाटा किती, हे मला नंतर कळले.

गोष्ट २०२३ सालच्या जून महिन्यातली. आत्याची खालची उजवी दाढ किडली होती. लवंग झाली, हळद-मीठ झाले, ओव्याचा शेक झाला. गाल पुरीसारखा टम्म फुगला, तेव्हा कुठे ती दातांच्या डॉक्टरांकडे यायला तयार झाली. तीही नुसती दाखवायला. डॉक्टर तरुण होते, हसतमुख होते. त्यांनी दाढेचा एक्स-रे काढला, पाच दिवसांची औषधे लिहून दिली आणि म्हणाले, "काकू, ही दाढ आता वाचण्यासारखी राहिलेली नाही. सूज उतरली की काढून टाकू." पुढच्या आठवड्यातला दिवस ठरला.

त्या आठवड्यात आत्याचे जेवण सुटले. रात्री दोनला उठून ती स्वयंपाकघरात दिवा लावून बसू लागली. माझ्या पत्नीच्या ते ध्यानात आले. माझ्या आले नाही. "आत्यांना फार भीती वाटतेय. आपण त्या डॉक्टरांशी एकदा बोलू या का?" असे तिने विचारले, तेव्हा मी फळ्यासमोर उभा असल्याच्या थाटात म्हणालो, "अगं, दहा वर्षांची पोरं दात काढून घेतात आणि बाहेर येऊन आईस्क्रीम मागतात!" आत्यासमोरही मी हेच म्हणालो. वर, "पस्तीस वर्षं पोरांना घाबरवलंस, आता तुझी पाळी," अशी कोटीही केली. आत्या हसली. ती हसली म्हणजे प्रकरण मिटले, अशी मी माझ्यापुरती समजूत करून घेतली.

ठरल्या दिवशी सकाळी तिने घोटभर चहाखेरीज काही घेतले नाही. दवाखान्यात एक छापील कागद भरायला दिला. हृदयविकार आहे का, रक्तदाब आहे का, छातीत कधी धडधडते का, पूर्वी भोवळ आली आहे का, दातांच्या उपचारांची भीती वाटते का, असे दहाबारा प्रश्न. आत्याचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून कागद मी घेतला. तिला एकही प्रश्न वाचून न दाखवता मी सगळीकडे ‘नाही’पुढे खूण केली आणि खाली तिची सही घेतली.

आत खुर्चीवर बसल्यावर तिने दोन्ही मुठींत पदर घट्ट धरलेला मला दारातून दिसला. इंजेक्शन झाले. ओठ बधिर होण्याची वाट पाहत डॉक्टर शेजारी उभे होते. दोन-तीन मिनिटे गेली असतील नसतील, तोच आत्या म्हणाली, "छातीत धडधडतंय." तिच्या कपाळावर घाम डवरला. डॉक्टरांनी लगोलग खुर्ची आडवी केली आणि पाय वर घेतले. दातांच्या खुर्चीत भोवळ येणे हा नित्याचा प्रकार आहे. माणसाला आडवे केले की ते बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत ताळ्यावर येते. आत्या आली नाही. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखे तिला जड वाटू लागले, श्वास अपुरा पडू लागला. तेव्हा डॉक्टरांनी तिला पुन्हा अर्धवट बसते केले, प्राणवायू लावला, रक्तदाब पाहिला आणि दाढेला हातही न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली. त्या तरुण माणसाचा चेहरा आत्याच्या चेहऱ्याहून पांढरा पडला होता.

रक्तवाहिन्या स्वच्छ, मग हे काय?

इस्पितळात पोचल्याबरोबर हृदयाचा आलेख काढला. तो बिघडलेला होता. रक्त तपासले. हृदयाच्या स्नायूला इजा झाली म्हणजे रक्तात ट्रोपोनिन नावाचा पदार्थ वाढतो. तोही वाढलेला होता. सारी चिन्हे हृदयविकाराच्या झटक्याची. अँजिओग्राफी करायची म्हणून पुन्हा एक छापील कागद माझ्यापुढे आला. या वेळी मात्र मी त्याची ओळ न्‌ ओळ वाचली.

तासाभराने हृदयविकारतज्ज्ञ बाहेर आल्या. पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या बाई होत्या. म्हणाल्या, "त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अगदी स्वच्छ आहेत. कुठंही अडथळा नाही." मला हायसे वाटले, पण त्यांचे बोलणे संपले नव्हते. रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही हृदय नीट चालत नव्हते. सोनोग्राफीसारख्या यंत्राने त्यांनी हृदयाचे चित्र पाहिले होते. साऱ्या शरीराला रक्त पुरवणारा जो खालचा डावा कप्पा, त्याच्या टोकाकडचा भाग आकुंचन पावायचे जणू विसरून गेला होता आणि फुग्यासारखा फुगला होता. वरचा, मानेकडचा भाग तेवढा जोरजोराने आवळत होता. त्यांनी कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने आकृती काढून दाखवली: अरुंद मान आणि गोल बूड.

"याला टाकोत्सुबो म्हणतात," त्या म्हणाल्या. जपानी कोळी समुद्राच्या तळाशी दोरीला बांधून मातीची बुडकुली सोडतात. ऑक्टोपसाला पोकळीत दडून बसण्याची भारी हौस. तो आपण होऊन आत शिरतो आणि कोळी वरून दोरी ओढून घेतात. या बुडकुल्याचे नाव टाकोत्सुबो. फुगलेल्या हृदयाचा आकार हुबेहूब तसाच दिसतो, म्हणून जपानमधल्या डॉ. हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली या विकाराला हे नाव दिले. मोठा मानसिक किंवा शारीरिक ताण एकाएकी आला, की त्या लोंढ्याने हृदयाचा स्नायू काही काळ सुन्न होऊन जातो.

मग त्यांनी विचारले, "दाढेच्या भीतीखेरीज गेल्या काही महिन्यांत घरात काही घडलं होतं का?"

"माझे वडील गेले. फेब्रुवारीत."

"त्यांचे ते कोण?"

"थोरले भाऊ," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्या पोटात कालवले. बाबा गेले तेव्हा लोक आईला भेटायला आले, मला भेटायला आले. त्या सर्वांना आत्या चहा करून देत होती. साठ-पासष्ट वर्षांचा पाठीराखा तिचा गेला होता. पण सांत्वन करण्याच्या माणसांत आम्ही तिला धरलेच नव्हते. रात्रीची ती धडधड दाढ दुखू लागण्याच्या कितीतरी आधीपासून होती, हेही पुढे तिच्याच तोंडून कळले. त्या छापील कागदावर तो प्रश्न होता. त्यापुढे मी ‘नाही’ लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी तिला भेटू दिले. डॉक्टरीणबाईंनी काढलेली आकृती मी तिला दाखवली. तिने चष्मा मागून घेतला, कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "अरे, हा तर आपला चंबू!"

खरेच की! अरुंद गळ्याचा, गोल बुडाचा चंबू पूर्वी प्रत्येक मराठी घरात होता. आम्ही रुसलो की आई म्हणायची, "तोंडाचा चंबू करू नकोस." आत्याने काळजाचा केला होता.

थोड्या वेळाने ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "इंजेक्शन दुखलं नाही रे एवढं. दादा गेला तेव्हा मात्र कुणी भूल दिली नव्हती." आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ती रडली.

भाषेला हे ठाऊक होते

त्या रात्री इस्पितळाच्या बाकावर बसून मी माझ्या धंद्यातल्या शब्दांची उजळणी करीत होतो. छातीत धस्स होणे, काळजात चर्र होणे, काळजाचा ठोका चुकणे, काळजाचे पाणी होणे, ऊर दडपणे, हाय खाणे, धसका घेणे. हे सारे वाक्प्रचार मी वीस वर्षे मुलांकडून वाक्यांत उपयोग करवून घेत आलो. त्यांचा शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो, असेही बजावत आलो. काळीज म्हणजे मुळात यकृत. मटणाच्या दुकानात आजही कलेजी मागितली तर यकृतच मिळते. पण मराठी माणसाने आपली माया, धैर्य आणि भीती ही सारी या काळजात ठेवली आणि त्याचा अर्थ हृदयापर्यंत नेला. ‘अमक्याने धसका घेतला आणि अंथरूण धरले’ असे आपल्या आज्या सांगत, तेव्हा त्या अलंकारिक बोलत नव्हत्या. जे पाहिले ते सांगत होत्या.

पुत्रवियोगाने प्राण सोडणारा दशरथ आपण लहानपणापासून ऐकला. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले आणि त्याच वर्षी २३ जूनला नानासाहेब पेशवे पुण्यात पर्वतीवर वारले. त्यांची प्रकृती आधीच ढासळलेली होती, हे इतिहासकार सांगतात. पण लोकांनी मात्र ‘पानिपताच्या धसक्याने गेले’ हेच लक्षात ठेवले. त्यांच्या हृदयाला काय झाले ते आज कोण सांगणार? पण शोकाचा घाव शरीरावर पडतो, एवढे लोकांना पक्के ठाऊक होते.

दात आणि हृदय ही दोन्ही ज्याच्या चरित्रात एकत्र येतात असा एक थोर माणूस मला या वाचनात भेटला. लंडनचा शल्यचिकित्सक जॉन हंटर. मानवी दातांवरचा त्याचा ग्रंथ १७७१ साली निघाला आणि दंतवैद्यकाला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत त्याची गणना होते. या गृहस्थाला हृदयशूळ होता आणि स्वभाव तापट. मला चिडवायला निघालेल्या कुठल्याही हरामखोराच्या हाती माझा प्राण आहे, अशा अर्थाचे तो बोलत असे. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज इस्पितळातल्या एका बैठकीत कुणी त्याला विरोध केला. संतापाने तो शेजारच्या खोलीत गेला आणि तिथेच कोसळला. त्याचे शव तपासले तेव्हा हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या आढळल्या. म्हणजे त्याचा विकार आत्याचा नव्हे. रक्तवाहिन्या रोगट असतील तर ताण त्या रोगाला चेतवतो. आणि त्या स्वच्छ असल्या तरी ताण हृदयाला थेट सुन्न करू शकतो. पहिली गोष्ट वैद्यकाने फार पूर्वी मानली. दुसरी मानायला १९९० साल उजाडावे लागले.

एका थेंबाचा हिशेब

आता त्या इंजेक्शनाकडे वळू. कारण आत्याची हकीकत ऐकल्यावर आमच्या ओळखीच्या निम्म्या मंडळींनी "आम्ही आता दातांना इंजेक्शन म्हणून घेणार नाही," असे जाहीर केले. असा धडा कुणी घेऊ नये, म्हणून हा हिशेब मांडतो.

दातांच्या इंजेक्शनात बहुधा दोन औषधे असतात. एक बधिर करणारे, लिग्नोकेन. स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी ते १९४३ साली तयार केले. दुसरे अ‍ॅड्रेनलिन, अगदी किंचित. हे कशाला, तर ते हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून धरते. त्यामुळे बधिरता अधिक वेळ टिकते, रक्त कमी जाते आणि बधिर करणारे औषध शरीरभर भराभर पसरत नाही. हे अ‍ॅड्रेनलिन शुद्ध स्वरूपात प्रथम वेगळे करणारे जोकिची ताकामिने हेही जपानीच. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी त्यांनी अमेरिकेत ते काम केले. अ‍ॅड्रेनलिन आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींत आपोआप तयार होत असते. वाघ दिसला की लढायचे किंवा पळायचे, त्यासाठी निसर्गाने केलेली ही तरतूद. छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात, ते याच्यामुळे.

इंजेक्शनाच्या एका नळीत १.८ मिलिलिटर औषध असते. त्यात १ लाखास १ भाग अ‍ॅड्रेनलिन असेल, तर त्या नळीत ते ०.०१८ मिलिग्रॅम भरते; ८० हजारांस १ असेल, तर ०.०२२५ मिलिग्रॅम. निरोगी प्रौढ माणसाला एका बैठकीत ०.२ मिलिग्रॅमपर्यंत चालते, हृद्रोग्याला ०.०४ च्या पुढे जाऊ नये, असा संकेत आहे. म्हणजे मात्रा अगदी अल्प. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर एवढ्यानेही छाती धडधडते; म्हणून जाणते डॉक्टर औषध सोडण्यापूर्वी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहतात आणि मग औषध सावकाश सोडतात. अशी धडधड झाली की ‘मला इंजेक्शनाची अ‍ॅलर्जी आहे’ असे लोक जन्मभर सांगत सुटतात. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार विरळ.

मग आत्याला झाले ते कशाने? डॉक्टरीणबाईंचे उत्तर माझ्या मनात राहिले आहे. "कुणा एकाच्या माथी मारता येणार नाही. भावाचं दुःख, आठवडाभराची भीती, रात्रीची जागरणं, दाढेतला जंतुदोष, रिकामं पोट, आणि शेवटी ती सुई. बाटलीतल्या अ‍ॅड्रेनलिनची काळजी सगळे करतात. घाबरलेलं माणूस स्वतःच्या ग्रंथीतून त्याच्या कितीतरी पट सोडत असतं, त्याचा हिशेब कोण ठेवतो?" अ‍ॅड्रेनलिन टाळायचे म्हणून कच्ची भूल दिली आणि दुखले, तर शरीरातला लोंढा उलट वाढतोच. दुखू न देणे हे हृदयाच्याही हिताचे असते, ते असे.

दातांच्या इंजेक्शनानंतर टाकोत्सुबो होणे ही अपवादात्मक गोष्ट आहे. वैद्यकीय नियतकालिकांत अशी मोजकीच उदाहरणे नोंदलेली आहेत. पण विकार स्वतः तितका दुर्मीळ नाही. झटका आला म्हणून इस्पितळात येणाऱ्या शंभरांत एखाद-दोन जणांना प्रत्यक्षात हा असतो. युरोप-अमेरिकेतल्या १७५० रुग्णांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यांत सुमारे ९० टक्के स्त्रिया होत्या, आणि सरासरी वय जवळजवळ ६७. आमच्या आत्याला त्या वर्षी ६७ वे चालू होते! मासिक पाळी थांबल्यानंतर हृदयाला ताणापासून जपणारे स्त्रीरस कमी होतात, हे त्याचे एक संभाव्य कारण मानतात. जपानमध्ये निईगाता भागात २३ ऑक्टोबर २००४ रोजी मोठा भूकंप झाला, तेव्हा पुढच्या काही आठवड्यांत या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले होते. आणि गंमत म्हणजे केवळ दुःखानेच हा होतो असे नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भावनेच्या उमाळ्याने हा विकार जडलेल्यांपैकी सुमारे ४ टक्क्यांच्या बाबतीत निमित्त आनंदाचे निघाले: वाढदिवसाची मेजवानी, घरातले लग्न. काळजाला उमाळा कशाचा ते कळत नाही. किती मोठा, एवढेच कळते.

बहुतेकांचे हृदय काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होते. तरी हा खेळ नव्हे. त्याच १७५० रुग्णांपैकी सुमारे ४ टक्के इस्पितळातच दगावले. आणि बाहेरून पाहता झटका कोणता आणि टाकोत्सुबो कोणता, हे डॉक्टरांनाही तपासण्यांवाचून सांगता येत नाही. म्हणून छातीत दाब आला, दम लागला आणि तो थोड्या वेळात ओसरला नाही, तर ‘घाबरल्यामुळं होतंय’ म्हणून घरी पाणी पाजत बसू नये. घाबरल्यामुळेच होत असले, तरी जागा इस्पितळाचीच.

पुन्हा त्याच खुर्चीत

सहा आठवड्यांनी पुन्हा चित्र काढले. चंबू नाहीसा झाला होता. हृदय हृदयासारखे दिसत होते. दाढ मात्र होती तिथेच होती, आणि अधूनमधून ठणकत होती. ती काढायला हवी होती.

मी दुसरा डॉक्टर शोधू लागलो, तर आत्या म्हणाली, "त्याच पोराकडं जायचं. त्या दिवशी त्यानं दाढेला हात न लावता गाडी बोलावली, म्हणून मी आज बोलतेय. आणि त्याचीही भीती मोडायला हवी."

सप्टेंबरमध्ये आम्ही गेलो. हृदयविकारतज्ज्ञ बाईंची चिठ्ठी आधीच पोचवली होती. वेळ सकाळची, पहिलीच, म्हणजे बाहेर बसून दुसऱ्यांच्या यंत्राची घरघर ऐकावी लागू नये. आत्या नेहमीच्या गोळ्या घेऊन आणि दोन घास उपमा खाऊन आली होती. रिकाम्या पोटी भीती आणि भोवळ दोन्ही लवकर येतात. छापील कागद या वेळी डॉक्टरांनी स्वतः हातात घेतला आणि एकेक प्रश्न तिला विचारला. शेवटच्या प्रश्नाशी थांबून ते म्हणाले, "काकू, भीती नेमकी कशाची वाटते?"

आणि मग आत्याने, मी सेहेचाळीस वर्षांत जे कधी ऐकले नव्हते, ते सांगितले. ती नऊ वर्षांची असताना, १९६५ च्या सुमारास, तालुक्याच्या गावी तिचा एक दात भुलीवाचून उपटला होता. दोघांनी खांदे धरले होते, तिसऱ्याने डोके. त्या वेळी लिग्नोकेन जगाला ठाऊक होऊन वीस वर्षे उलटली होती. त्या गावच्या त्या खोलीपर्यंत ते पोचले नव्हते, इतकेच. "धरून ठेवलं होतं रे मला," ती म्हणाली. "दुखण्याचं काही नाही. हलता येत नव्हतं, सांगता येत नव्हतं, ते अजून आठवतं."

डॉक्टर म्हणाले, "इथं तुम्हांला कुणी धरणार नाही. तुम्ही शाळेतल्यासारखा डावा हात वर करायचा. हात वर झाला की मी थांबणार. मग कारण काही का असेना."

बोटाला नाडी मोजणारा चिमटा लावला. आधी हिरडीला बधिर करणारा मलम लावला. कमी अ‍ॅड्रेनलिनचे औषध घेऊन, दट्ट्या मागे ओढून पाहून, ते अगदी सावकाश सोडले. पूर्ण बधिर झाल्याची दोनदा खात्री करून घेतली. मी या वेळी दारात नव्हतो, तिच्या शेजारी उभा होतो. काम सुरू झाले, आणि अर्ध्या मिनिटात आत्याचा डावा हात ताडकन वर गेला. डॉक्टर थांबले. माझ्या छातीत धस्स झाले, तेही अगदी शब्दशः.

"काय होतंय, काकू?"

अर्धा ओठ बधिर असलेल्या तोंडाने आत्या म्हणाली, "काही नाही. खरंच थांबतोस का, ते पाहिलं. चालू दे."

दहा मिनिटांत दाढ बाहेर आली.

आम्ही मध्यमवर्गीय माणसे फार समजूतदार असतो, निदान आमची तशी समजूत असते. वडीलधाऱ्यांचे औषधपाणी करतो, बिले भरतो, त्यांच्या वतीने कागदही भरतो. त्यांना भीती वाटते हे मात्र आम्हांला पटत नाही. ज्यांनी आम्हांला अंधारात धीर दिला त्यांना भीती कशी वाटेल? मग आम्ही थट्टा करतो आणि तिलाच धीर देणे म्हणतो. वाचकहो, तुमच्या घरचे कुणी दातांच्या डॉक्टरकडे निघाले असेल तर एवढे करा. त्यांचा कागद त्यांना वाचून दाखवा. हृदयाचा, रक्तदाबाचा, थायरॉइडचा विकार, चालू असलेली औषधे, पूर्वी आलेली भोवळ, यांबरोबर घरात नुकतेच काही दुःख झाले असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. उपाशी नेऊ नका. आणि भीती वाटते असे ते म्हणाले, तर ‘कशाला भितेस?’ हे वाक्य प्रश्न म्हणून विचारा, उत्तर म्हणून नव्हे.

त्या वर्षीच्या दिवाळीत आत्याने डाव्या बाजूने चकल्या खाल्ल्या, चांगल्या पाच. बाबांच्या आवडीचे अनारसे तिनेच केले, आणि ते करताना त्यांच्याबद्दल पोटभर बोलली. आम्ही सगळे स्वयंपाकघरात बसून ऐकत होतो. चहा माझ्या पत्नीने आणि मी केला.

गेल्या महिन्यात माझीच एक दाढ ठणकू लागली. त्याच डॉक्टरांकडे गेलो. तोच छापील कागद आला. ‘दातांच्या उपचारांची भीती वाटते का?’ या प्रश्नाशी माझे पेन थबकले. शेजारी आत्या बसली होती. सोबतीला म्हणून हट्टाने आली होती. तिने चष्मा नाकावर सरकवून कागदात डोकावून पाहिले.

मी ‘होय’पुढे खूण केली.